ससूनांचं देणं

पुण्यात रुग्णाला ‘ससूनला’ नेतात, कुलाब्यात मासळी ससून डॉकला उतरते, आणि काळा घोडा भागातल्या वाचनालयात बसलेला विद्यार्थी ‘डेव्हिड ससूनमध्ये आहे’ असं घरी कळवतो. हे नाव रोज इतक्या तोंडी असूनही त्यामागचं कुटुंब मात्र फारसं कुणाला ठाऊक नाही.

डेव्हिड ससून यांचा जन्म १७९२ चा, बगदादचा. तिथल्या सुभेदाराच्या जाचामुळे त्यांनी शहर सोडलं आणि इराणातल्या बुशहरमार्गे ते १८३० नंतरच्या काही वर्षांत मुंबईला आले. कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्रायल ज्यू इथे शतकानुशतकं नांदत होते. हे बगदादी ज्यू व्यापाराच्या वाटेने आलेले. डेव्हिडना इंग्रजी येत नव्हतं. १८५३ मध्ये ब्रिटिश नागरिकत्व घेताना त्यांनी सही केली ती हिब्रूत. पेढी मात्र चीनपर्यंत पसरली. कापसाबरोबर अफूही त्यांच्या व्यापारात होती आणि वैभवाचा मोठा भाग तिच्यावर उभा राहिला. त्यांच्या दानाचं कौतुक करताना हा हिशेब वगळून चालणार नाही.

वाचनालयाची कथा बोलकी आहे. सरकारी टाकसाळीतल्या आणि गोदीतल्या तरुण यंत्रकारागिरांनी १८४७ मध्ये पुस्तकं आणि यंत्रांचे नमुने जमवून मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट काढली. संस्था आधी, देणगी मागाहून. इमारतीला सव्वा लाख रुपये लागले. त्यांपैकी साठ हजार डेव्हिड यांचे, बाकीचे सरकारचे. १८७० मध्ये मालाडच्या पिवळसर दगडातली कमानदार वास्तू उभी राहिली. आत शिरताच फेटा आणि घोळदार झगा घातलेल्या डेव्हिड यांचा संगमरवरी पुतळा दिसतो. जिना चढून गेलं की सज्जात लांब हातांच्या आरामखुर्च्या मांडलेल्या. खाली रस्त्यावर हॉर्नचा गोंगाट, वर कुणी परीक्षेच्या नोट्स वाचतंय, कुणी पेपर तोंडावर घेऊन डुलकी काढतंय. मागची बाग हे या दाटीच्या फोर्टमधलं आणखी एक सुख.

ससूनांच्या पुण्यातल्या दोन वास्तू हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स या एकाच स्थापत्यकाराच्या, आणि दोन्ही १८६७ मध्ये पूर्ण झालेल्या. कॅम्पातलं लाल विटांचं ओहेल डेव्हिड हे सिनेगॉग पुणेकरांच्या तोंडी ‘लाल देऊळ’ झालं. त्याचं काम चालू असतानाच, १८६४ मध्ये, डेव्हिड पुण्यात वारले. त्यांची कबर तिथल्याच आवारात आहे. प्रार्थनेला येणारा समाज आता अगदी थोडा उरला आहे. दुसऱ्या वास्तूत, स्टेशनाजवळच्या ससून इस्पितळात मात्र गर्दी हटत नाही. जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींना इथेच आणलं होतं. कर्नल मॅडॉक अपेंडिक्सची शस्त्रक्रिया करत असताना मध्येच वीज गेली आणि उरलेलं काम कंदिलाच्या उजेडात पार पडलं.

डेव्हिड यांचे थोरले चिरंजीव अल्बर्ट यांनी १८७५ मध्ये बांधलेला ससून डॉक हा काही धर्मादाय नव्हे, तो धंद्यासाठीच होता. पण कापसाची जहाजं गेली आणि कोळ्यांच्या होड्या आल्या. आज पहाटे तिथे बर्फाचे क्रेट, लिलावाची आरडाओरड आणि ओळीने बसून कोलंबी सोलणाऱ्या बायका असतात. अल्बर्ट यांनीच प्रिन्स ऑफ वेल्सचा अश्वारूढ पुतळा शहराला दिला, म्हणजे तो मूळचा ‘काळा घोडा’. १९६५ मध्ये तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलवला गेला. २०१७ मध्ये काळा घोडा परिसरात नवा घोडा आला, तो स्वाराविना!

या यादीतून एक गोष्ट लक्षात येते. राज्यकर्त्याच्या सन्मानासाठी दिलेलं उठून गेलं. कारागिरांनी आधीच सुरू केलेलं वाचनालय आणि गरिबांना हवं असलेलं इस्पितळ टिकलं. घराणं पुढे इंग्लंडला गेलं. वर्गणी भरणारे सभासद, विश्वस्त, डॉक्टर आणि सरकार यांनी उरलेला भार उचलला. आपल्या गावोगावच्या दानशूरांनी कोनशिला बसवण्याआधी हे पाहावं: लोकांनी स्वतःहून काय सुरू केलं आहे, आणि कशाला फक्त छप्पर हवं आहे. पैसा तिथे पडला, तर देणाऱ्यामागेही ते काम चालवायला माणसं उरतात.