जाड पायातली बारीक शीर

वारंगा फाट्यावर नांदेड, हिंगोली आणि हदगाव-यवतमाळकडचे रस्ते मिळतात. तिथल्या अपघातांतले पाय नांदेडला येतात आणि घोट्याच्या वर नडगी उघडी पडली असेल, तर आमच्या शस्त्रक्रियेच्या टेबलावर. त्या भागात कातडीखाली लगेच हाड असतं. वरचा पातळ पडदा निघालेल्या हाडावर नुसती कातडी लावली तर ती धरत नाही. स्वतःचं रक्त सोबत आणणारी कातडी लागते, म्हणजे फ्लॅप.

हा रुग्ण फाट्यावरचाच, पन्नाशीतला, वजनाने शंभर किलोच्या पुढचा. पोटरीवरची कातडी सोडवून खाली वळवायची ठरली. फ्रान्सच्या मास्केले यांनी 1992 मध्ये मांडलेली ही रीत सूक्ष्मदर्शकाशिवाय होते, म्हणून आमच्याकडे तिचा मोठा आधार. सगळी भिस्त बाहेरच्या घोट्याच्या वर साधारण 5 सेंटिमीटरवर असलेल्या एका बारीक रक्तवाहिनीवर. सडपातळ पायावर डॉपलर (रक्तप्रवाह ऐकवणारं यंत्र) टेकवला की तिचा आवाज लगेच येतो. इथे जाड चरबीखालून तो येईना. जेल लावून, कोन बदलत, दाब कमी-जास्त करत बराच वेळ शोधला, तेव्हा कुठे पेनाने फुली मारता आली. हा वेळ वाया जात नाही, असं माझं ठाम मत आहे.

चरबीला रक्त मुळात कमी. सुरी तिच्यातून तिरकी गेली तर कातडी वर येते आणि रक्त खालीच राहतं. म्हणून थेट स्नायूवरच्या पांढऱ्या पडद्याखाली जायचं, तो सोबत उचलायचा आणि थर सरकू नयेत म्हणून कातडीला टाचून ठेवायचा. त्या दिवशी फ्लॅप उचलून पुन्हा जागेवरच शिवला.

"मग जखम झाकलीच नाही का, डॉक्टर?" रुग्णाच्या पत्नीने विचारलं.

"नाही ताई. आधी त्या कातडीला एकाच बाजूच्या रक्तावर जगायची सवय होऊ द्या."

पुढच्या आठवड्यात फ्लॅप वळवला. कातडीखालून बोगद्यातून ओढला असता तर चरबीने शीर दाबली असती. वाट उघडीच केली आणि तिच्यावर, पोटरीवरही, मांडीची कातडी लावली.

खरी धास्ती नंतरची. फ्लॅपला रक्त आणणारी मुळी पायाच्या मागच्या बाजूने येते. उताणं झोपलं की जड पाय तिलाच चिरडतो. म्हणून हाडाला बाहेरून लावलेल्या सळ्यांनाच पाय जोडून तो गादीपासून अधांतरी ठेवला. रात्री सिस्टरांना कडा निळसर दिसली. पांढरी पडली तर रक्त पोचत नाही, निळी पडली तर परतत नाही. दोन टाके सोडले, रंग सुधारला.

"वजनामुळे जमणार नाही" म्हणत अशांना पाय कापायचा सल्ला फार लवकर मिळतो; मला ते पटत नाही. घोटा मात्र फ्लॅपमधल्या चरबीने फुगीर राहतो, बुटात जात नाही. ती चरबी काही महिन्यांनी काढता येते. आमच्या रुग्णाने तारीख आत्ताच मागून ठेवली आहे.