वरून चकाकी, आतून ठिसूळ: स्प्रिंगला क्रोम मारण्याआधी हे वाचा

ईद जवळ आली की आपल्या मोहल्ल्यातली मुलं गाड्या सजवायला काढतात. हँडलला, मडगार्डला क्रोम मारून घेतात. त्यात बिघडत काही नाही. पण काही जण शॉकअपची स्प्रिंगसुद्धा खोलून क्रोमला देतात. आपल्या कितीतरी घरांची रोजी गॅरेजवर चालते, म्हणून यातला धोका समजून घेऊ या.

मडगार्डचा पत्रा मऊ असतो. स्प्रिंगचं पोलाद मात्र लाल होईपर्यंत तापवून तेलात थंड करतात, मग पुन्हा बेताने तापवतात. त्यामुळे ती लाखो वेळा दबली तरी मूळ उंचीवर येते. पण पोलाद जितकं कडक, तितका त्याला हायड्रोजनचा धोका जास्त.

हा हायड्रोजन येतो कुठून? मुलामा देण्याआधी गंज काढायला स्प्रिंग तेजाबात बुडवतात. लोखंड आणि ॲसिड एकत्र आले की हायड्रोजन तयार होतो, हे आम्ही शाळेत शिकवतोच. पुढे क्रोमच्या टाकीत वीज सोडली की तो आणखी तयार होतो. बराचसा बुडबुड्यांतून उडून जातो, पण थोडा पोलादात शिरतो. त्याचे अणू फार लहान असतात. जिथे ताण जास्त, तिथे ते जमा होतात आणि आत बारीक तडा सुरू होतो. वरचा मुलामा त्यांना सहज बाहेरही पडू देत नाही.

सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे स्प्रिंग लगेच तुटत नाही. बसवली, चक्कर मारली, सगळं ठीक वाटतं. मग काही तासांनी किंवा दिवसांनी ती न वाकता, न इशारा देता कटकन मोडते. 2013 मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजवर जस्ताचा मुलामा असलेल्या 96 कडक सळ्या ताणून बसवल्या होत्या. त्यांतल्या 32 काही दिवसांतच तुटल्या. कारण हायड्रोजनच निघालं.

यावर उपाय आहे. मुलामा दिल्यावर शक्यतो चार तासांच्या आत वस्तू सुमारे 200 अंश सेल्सिअसला भट्टीत बरेच तास, कडक पोलाद असेल तर दिवसभरही, ठेवतात. पण एकदा तडा पडला की भट्टी तो सांधू शकत नाही. गल्लीतल्या क्रोमवाल्याकडे अशी भट्टी आहे का, हे आधी विचारा.

त्यापेक्षा सोपा मार्ग म्हणजे स्प्रिंगला रंग किंवा पावडर कोटिंग करा. गंज ब्रशने किंवा वाळूच्या माऱ्याने काढा, तेजाबाने नको. घरी ॲसिडच्या बादलीत स्प्रिंग भिजवणंही टाळा. ट्रकच्या पाट्यांनाही हेच लागू आहे.

गॅरेजवाल्या भावांना एक विनंती. बाजारात धान्याच्या ढिगाखाली ओलं धान्य निघालं, तेव्हा पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी ते लोकांना दिसेल असं वर ठेवायला सांगितलं होतं. क्रोमखालचा तडा गिऱ्हाइकाला दिसत नाही, तुम्हाला मात्र धोका माहीत असतो. तेव्हा स्प्रिंग क्रोमला न्यायची म्हणाला, तर त्याला स्पष्ट नाही म्हणा आणि कारणही सांगा. आणि क्रोम मारलेली स्प्रिंग आधीच गाडीला असेल, तर ती बदलून घ्या.