बंदी समुद्रात, भाव खाडीत

यांत्रिकी नौकांची समुद्रातली मासेमारी १ जूनपासून ६१ दिवस बंद असते. रायगडमधल्या भरडखोलपासून दिघीपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात. दिवेआगरला येणारे पाहुणे मग थाळीत सुरमई आहे का, एवढंच विचारतात. मला काळजी आहे ती गावामागच्या मुलखाची. श्रीवर्धन-म्हसळा पट्ट्यातल्या आदिवासी वाड्यांत, खाडीकाठच्या वस्त्यांत पाग आणि खोइन अशी हातची साधनं घेऊन जे स्वतः मासे धरतात, त्यांच्या चुलीवर या दोन महिन्यांत किती मासा शिजेल?

धरणारा पोटभर खातोच, हा आपला समज. पण समुद्रातली आवक थांबली की खाडीतल्या चिवणीला, कोलंबीला, चिंबोरीला भाव चढतो, आणि भाव चढला की मासा घरात थांबत नाही. वीटभट्टीवरून परतलेल्या कातकरी कुटुंबाची बरीचशी कमाई आगाऊ घेतलेल्या उचलीत वळती झालेली असते. जूनमध्ये बियाणं, वह्या, किराणा सगळं एकदमच दारात उभं राहतं. मग मोठे मासे, भरलेली चिंबोरी बाजाराला जाते आणि घरी राहतात बारीक मासे, निवट्या, शेतातले मुठे म्हणजे छोटे खेकडे. २०२५ मध्ये तर पाऊस मे अखेरीसच कोकणात उतरला. वलगण, म्हणजे पहिल्या पावसाच्या पाण्यातून वर येणारे मासे, चढते तेव्हा खाचरात पोरंसोरं रात्री जागून मासे धरतात, त्या रात्री मात्र घर खरंच पोटभर जेवतं. पण ऊनच नसल्यामुळे उरलेलं वाळवता येत नाही, ते त्याच दिवशी खायचं नाहीतर विकायचं. मे महिन्यात सुकट-बोंबलाची बेगमी करायला ज्याच्या हातात पैसे होते, त्याचाच पावसाळा निभावतो.

घरी राहिलेल्या त्या बारीक माशांना मात्र कमी लेखू नये. शकुंतला हरकसिंग थिलस्टेड यांनी आयुष्यभर हेच सांगितलं. त्रिनिदादमधल्या भारतीय वंशाच्या कुटुंबात जन्मलेल्या या पोषणतज्ज्ञ १९८० च्या दशकात बांगलादेशात कुपोषित मुलांसाठी काम करत होत्या. तिथल्या बायकांनी त्यांना सांगितलं, छोट्या माशांनी अंगात ताकद येते, डोळे चांगले राहतात. थिलस्टेड यांनी ते ऐकलं आणि प्रयोगशाळेत तपासलं. मोला या बोटभर माशात रोहूसारख्या मोठ्या माशांपेक्षा कितीतरी पट अ जीवनसत्त्व निघालं. ते प्रामुख्याने डोळ्यांत आणि पोटातल्या अवयवांत असतं. काट्यासकट खाल्ला तर कॅल्शियमही मिळतं. तोवर तळ्यात मोठे मासे सोडण्याआधी हे छोटे मासे निरुपयोगी म्हणून मारून टाकत. थिलस्टेड यांनी दोन्ही एकाच तळ्यात वाढवायला लावले, मोठा विकायला आणि छोटा घरच्या कालवणाला. २०२१ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आपल्याकडे वाडीतल्या बाईचं म्हणणं असं कोणी तपासून पाहतं का?

मग श्रावण लागतो. गिऱ्हाईक घटतं, भाव उतरतो, आणि श्रावण न पाळणाऱ्या घरांत त्या महिन्यात जरा मोठा मासाही शिजतो. म्हणजे या माणसांच्या ताटात काय पडायचं, ते जाळ्याइतकंच बाजारातल्या दुसऱ्यांच्या ताटावर ठरतं.

राज्य मंत्रिमंडळाने २२ एप्रिल २०२५ रोजी मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला, ते चांगलंच झालं. पण वीजदर, कर्ज, विमा या सवलती ज्याच्याकडे होडी किंवा तळं आहे त्याच्याच उपयोगाच्या. ओढ्यात खोइन लावणाऱ्याकडे दाखवायला कागद नाही, आणि घरी खाल्लेला मासा कुठल्या काट्यावर चढत नाही, म्हणून आकडेवारीतही तो नसतो. आधी या घरांची नोंद व्हायला हवी, विकलेल्या माशाबरोबर खाल्लेल्या माशाचीही. ओडिशात मयूरभंजच्या अंगणवाड्यांत सुकवलेल्या छोट्या माशांची पूड मुलांच्या आहारात देण्याचा प्रयोग झाला. रायगडच्या किनाऱ्यावर जवळा वर्षानुवर्षं वाळतो आहे. तो मे महिन्यातच सरकारने विकत घेऊन वाड्यांतल्या अंगणवाड्यांना पुरवला, तर जूनमध्ये चिंबोरी विकावी लागलेल्या घरातलं मूल उपाशी राहणार नाही. बंदी सुरू झाल्यापासून पुढच्या मेपर्यंत एवढी तयारी व्हायला अकरा महिने हातात असतात.