मुलांचा क्षय : औषधाचे सहा महिने

लहान मुलास क्षय होतो तो बहुधा घरातील वा निकटच्या एखाद्या खोकणाऱ्या प्रौढ व्यक्तीकडून. म्हणून मुलावर उपचार सुरू होताच घरातील सर्वांची तपासणी करून घेणे अगत्याचे असते. मूल बेडका बाहेर टाकीत नाही, गिळून टाकते. त्यामुळे पुष्कळदा सकाळी उपाशीपोटी जठरातील द्राव नळीने काढून तपासावा लागतो.

उपचार साधारणतः ६ महिन्यांचा असतो : पहिले २ महिने ४ औषधे, पुढील ४ महिने ३. मुलांसाठीच्या गोळ्या पाण्यात विरघळतात. मात्रा वजनावरून ठरते. मूल भरू लागले की ती वाढवावी लागते, तेव्हा दरमहा वजन करणे हा उपचाराचाच भाग होय. लघवी नारिंगी दिसली तर भिण्याचे कारण नाही, तो रिफाम्पिसिनचा रंग आहे. डोळे पिवळे झाले वा उलट्या थांबेनात, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

खरी कसोटी दुसऱ्या महिन्यानंतर लागते. ताप गेलेला असतो, मूल अंगणात खेळू लागते, आणि आता औषध कशाला, असे घरच्यांना वाटू लागते. जंतू मात्र शरीरात उरलेलेच असतात. अर्ध्यावर सोडलेला रोग पुन्हा उलटतो व कधी नेहमीच्या औषधांना दाद देत नाही.

लहान मुलांचा क्षय सहसा दुसऱ्यास लागत नाही. प्रकृती सावरल्यावर डॉक्टरांच्या अनुमतीने मूल शाळेत येऊ लागले, तर शिक्षकांनी त्यास वेगळे बसवू नये. पोषणासाठी शासनाकडून मिळणारे साहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १,००० रुपये झाले आहे.