घराला न टेकणारा ओटा

मे महिना लागला की अमेरिकेच्या उत्तर भागात शनिवारी सकाळी गाड्यांच्या टपांवर लांबलचक फळ्या बांधून माणसं घरी निघालेली दिसतात. चार-पाच महिने थंडीने कोंडून घातल्यावर परसात बसायला जागा हवी असते. गवतावर खुर्ची टाकली तर तिचे पाय रुततात. मग बेत ठरतो ‘फ्लोटिंग डेक’चा. नाव तरंगणारं असलं, तरी हा लाकडी ओटा पाण्यावर नसतो. तो घराच्या भिंतीला टेकत नाही, एवढंच त्याचं तरंगणं.

जुन्या वाड्यातला कडीपाट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही रचना समजावून सांगायला नको. खाली तुळया, त्यांवर कड्या, कड्यांवर फळ्या. तोच कडीपाट इथे माळ्यावरून उतरून अंगणात आलेला असतो.

नेहमीच्या डेकची एक बाजू घराच्या भिंतीवर बोल्टने बसवलेल्या फळीवर तोललेली असते. त्या फळीमागे पाणी मुरलं किंवा बोल्टऐवजी नुसते खिळे मारले, की धोका सुरू होतो. डेक कोसळतात तेव्हा बहुतेक वेळा ही जोडणीच दगा देते. फ्लोटिंग डेकला ती जोडणीच नाही. तो जमिनीवर मांडलेल्या काँक्रीटच्या खाचदार ठोकळ्यांवर उभा राहतो.

खरी गंमत थंडीत कळते. ओल्या मातीतलं पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं. शिवाय गोठणारा थर खालचं पाणी वर ओढून घेतो, त्यामुळे बर्फाची भिंगं वाढत जातात आणि जमीन वर उचलली जाते. म्हणून मिनेसोटात पाया दक्षिणेकडे 42 इंच, तर उत्तरेकडे 60 इंच खोल न्यावा लागतो. भिंतीला जोडलेला डेक उथळ पायावर असेल, तर घर जागच्या जागी राहतं, डेक उचलला जातो आणि सांधा फाटतो. सुटा डेक मात्र जमिनीबरोबर वर जातो आणि तिच्याबरोबरच खाली बसतो. घरबांधणीच्या आदर्श संहितेनेही अशा सुट्या डेकला खोल पायाच्या अटीतून सूट दिली आहे.

परवानगीचंही तसंच. याच संहितेप्रमाणे डेक 200 चौरस फुटांहून मोठा नसेल, कुठेही जमिनीपासून 30 इंचांहून उंच नसेल, घराला जोडलेला नसेल आणि घरातून बाहेर पडण्याच्या मुख्य दारापुढे नसेल, तर परवाना लागत नाही. पण गावोगावी नियम बदलतात. नगरपालिकेला न विचारता करवत हातात घेणं हा शहाणपणा नव्हे.

दहा बाय बाराचा डेक धरू. कड्या 16 इंचांवर ठेवल्या, तर दहा फुटी दहा कड्या लागतात. साडेपाच इंच रुंदीच्या फळ्या अष्टमांश इंचाची फट सोडून बसवल्या, तर बाराफुटी 22 फळ्या. माणसं आणि सामान यांचा भार चौरस फुटाला 40 पौंड धरतात, म्हणजे सगळा मिळून 4,800 पौंड. जमीन तो पेलते, पण सगळीकडे सारखी नाही. म्हणून आधी गवताची साल काढायची, खडी पसरून धुम्मस करायचं आणि मग ठोकळे एका पातळीत आणायचे. या कंटाळवाण्या कामाला अर्धा दिवस कमी पडतो, आणि घाई नेमकी इथेच होते. गवंड्याचा गुण्या नसला तरी चालेल. समोरासमोरचे कोपरे मोजावेत, दोन्ही कर्ण सारखे आले की चौकट काटकोनात बसली.

लाकूड जमिनीलगत वापरण्याजोगं, औषध मुरवलेलं हवं. त्या औषधात पूर्वी आर्सेनिक असे. घरगुती बांधकामासाठी ते 2003 अखेर बंद झालं. आता तांब्याची संयुगं वापरतात. ती साध्या लोखंडाला खातात, त्यामुळे स्क्रू जाड जस्ताच्या मुलाम्याचे किंवा स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत. इथे वाचवलेले चार डॉलर दोन-चार वर्षांत गंजून फळ्यांवर डाग होऊन उमटतात.

खणण्याआधी 811 वर फोन करायचा. जमिनीखालून गेलेल्या गॅसच्या नळ्या आणि विजेच्या तारा कुठे आहेत, त्याच्या खुणा फुकट करून मिळतात. आणि पहिल्या हिवाळ्यानंतर बर्फ वितळलं की पाणसळ घेऊन डेक पुन्हा तपासावा लागतो. एखादा ठोकळा हमखास वर आलेला असतो.