गॅलरीचं दार फुगतंय? मग हे वाचा!

ज्ञानोबांची पालखी आळंदी रस्त्यानं विश्रांतवाडीतून पुढे गेली, की आमच्याकडे पाऊस धरतो आणि घरोघरी एकच तक्रार सुरू होते. दार फुगलं, चौकटीला वाळवी लागली! गेल्या वर्षी मी आमच्या गॅलरीच्या चौकटीवर बोट दाबलं, तर भुसाच हाती आला. सुतार म्हणाला, "वहिनी, डब्ल्यूपीसी बसवा. जन्माची काळजी मिटेल."

मिटते का हो? अर्धीच मिटते.

डब्ल्यूपीसी म्हणजे लाकडाचा बारीक भुसा वितळलेल्या प्लास्टिकमध्ये मिसळून काढलेली फळी. भुशाभोवती प्लास्टिक असल्यामुळे वाळवी तिच्या वाटेला सहसा जात नाही आणि पाणीही सावकाश मुरतं. न्हाणीघराच्या दाराला म्हणूनच ती उत्तम.

पण गॅलरीत ऊनही असतं ना! उन्हानं वरचं प्लास्टिक हळूहळू झिजतं, रंग विटतो, आतला भुसा उघडा पडतो. मग पावसाचं पाणी तिथूनच शिरतं. फळी फुगते, बुरशीचे काळे ठिपके दिसतात. शिवाय पुण्यात वैशाखात पारा 40 अंशांपर्यंत चढतो. अशा तापात फळी लांबीला वाढते, आणि आधार दूर-दूर असले तर मधे वाकते.

तेव्हा पैसे मोजण्याआधी एवढं कराच :

दुकानदाराला स्पष्ट विचारा, फळी घरातली की उन्हापावसातली? बाहेरच्या फळीला वरून प्लास्टिकचं संरक्षक कवच असलं तर चांगलं. हमीपत्रात 'बाहेरच्या वापरासाठी' असं लिहिलेलं बघा. तोंडी हमीवर जाऊ नका.

एक तुकडा मागून घ्या. जाडी मोजा, आठवडाभर पाण्यात बुडवा, पुन्हा मोजा. फुगला, तर नको.

बसवताना सांध्यांत फट ठेवायला सांगा. कापलेल्या कडांखाली पाणी साचू देऊ नका.

नंतर साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश पुरे. तारेची घासणी लावू नका, तापलेली शेगडी वर ठेवू नका. कुंड्यांखाली तिवई ठेवा.

आणि सर्वांत महत्त्वाचं. कठड्याचा भार नुसत्या या फळीवर सोडू नका. मुलं त्याला रेलून उभी राहतात.

आम्ही शेवटी चौकट डब्ल्यूपीसीची केली. कठडा मात्र लोखंडाचाच ठेवला. दर दिवाळीला रंगवावा लागतो खरा, पण रात्री झोप लागते!