बँकेचं नेट सांभाळणारा एक अन् राखण करणारा दुसरा. दोघं एका रजिस्टरवर आले नाहीत तर अडकतो कोण?

सोयाबीन काढणीचे दिवस होते. अकरा मजुरांची मजुरी द्यायची म्हणून सकाळी साडेदहाला तालुक्याच्या बँकेत जाऊन उभा राहिलो. बँकेचं नाव घेत नाही, कारण गोष्ट एकट्या त्या बँकेची नाही. काउंटरवर नेहमीचं उत्तर मिळालं, ‘सिस्टीम बंद आहे.’ मॅनेजर साहेबांनी नेटवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, आमची लाईन चालू आहे, फायरवॉलवाल्याला विचारा. फायरवॉल म्हणजे बाहेरून येणारं नको ते अडवणारं यंत्र, त्याचं कंत्राट दुसऱ्या कंपनीकडे. तो म्हणाला, आमच्याकडं सगळं बरोबर दिसतंय, राऊटर बघा. असं करता करता दुपारचे अडीच वाजले.

मग कारण सापडलं. नेटवाल्याने आदल्या दिवशी शाखेच्या लाईनचा पत्ता बदलला होता, पण राखणवाल्याला कळवलं नव्हतं. त्यामुळे राखणवाल्याच्या यंत्राला आपलीच शाखा परकी वाटली आणि त्याने तिला दारातच अडवलं. दोघांनी आपापलं काम चोख केलं होतं. मजूर मात्र बांधावर बसून राहिले.

आपल्याला हे समजायला अवघड नाही, कारण विजेच्या लाईनवर आपण रोज बघतो. वायरमन पोलवर चढण्याआधी सबस्टेशनकडून परमिट घेतो. फिडर बंद केल्याची नोंद रजिस्टरला होते, आणि खाली उतरून परमिट परत केल्याशिवाय ऑपरेटर फिडर चालू करत नाही. वीज सोडणारा वेगळा आणि लाईनवर काम करणारा वेगळा, पण नोंद एकच. ती नोंद जिथं तोंडी राहिली तिथं माणसं गेली आहेत, आपल्याच भागात गेली आहेत. बँकांच्या, कारखान्यांच्या, दूध संघांच्या संगणकात मात्र अनेक ठिकाणी अजून अशी एक नोंदवही नाही. लाईन बघणाऱ्याला हवा असतो वेग, राखण करणाऱ्याला हवा असतो अटकाव. दोघांचे स्क्रीन वेगळे, साहेब वेगळे, कंत्राटंही वेगळी.

आता जुनी पद्धत कशी असते ते सांगतो. समजा बँकेच्या खेड्यापाड्यात तीस शाखा आहेत. प्रत्येक शाखेचं नेट आधी शहरातल्या मुख्य ऑफिसला जातं, कारण तपासणीचं यंत्र तिथं बसवलेलं. तिथून ते बाहेर जातं आणि त्याच रस्त्याने परत येतं. शेजारच्या गावी जायला जिल्ह्याला वळसा घालून जावं तसं. पुन्हा एखादी शाखा थेट नेट वापरायला लागली, किंवा वसुली अधिकारी घरून मोबाईलवर काम करू लागला, की तो त्या तपासणीतून सुटतो.

नव्या पद्धतीत ही तपासणी क्लाऊडवर नेतात. क्लाऊड म्हणजे आभाळात काही नसतं. दुसऱ्या कोणाच्या तरी मोठ्या डेटा सेंटरमधली भाड्याने घेतलेली यंत्रं, एवढंच. आपण हार्वेस्टर विकत न घेता भाड्याने लावतो तसंच. शाखा असो की अधिकाऱ्याचा मोबाईल, तो आधी जवळच्या अशा केंद्राला जोडला जातो, तिथंच त्याची तपासणी होते आणि तिथूनच पुढं रस्ता मिळतो. रस्ता देणं आणि झडती घेणं एकाच नाक्यावर. या जोडणीला गार्टनर या अमेरिकेच्या संस्थेने २०१९ मध्ये ‘सॅसी’ असं नाव दिलं. नाव लक्षात ठेवायची गरज नाही. महत्त्वाचं हे की नियमांची यादी एकच होते आणि नेटवाला व राखणवाला दोघेही तीच यादी, तोच स्क्रीन बघतात. लाईनचा पत्ता बदलला की तो दोघांनाही दिसतो. माझे ते चार तास अशाने वाचले असते.

यातच आणखी एक नियम येतो, की आत आला म्हणून कोणी आपला झाला असं धरायचं नाही. कॅशियरचा संगणक कॅशियरच्या कामापुरताच उघडतो. त्याला कर्ज खात्याच्या सर्व्हरकडं जायचं असेल तर पुन्हा ओळख विचारली जाते. वाड्याच्या दिंडी दरवाजातून आत आला म्हणून त्याला तिजोरीची खोली मोकळी नसते, तसं.

हे का लागतं, त्याचं उदाहरण पुण्याचं आहे. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. कॉसमॉस सहकारी बँकेवर सायबर हल्ला झाला. एटीएममध्ये कार्ड घातलं की विचारणा आधी ‘स्विच’ नावाच्या यंत्रणेकडे जाते, ती बँकेच्या मुख्य हिशेबाला विचारते की या खात्यात पैसे आहेत का. चोरांनी मध्येच आपला खोटा स्विच उभा केला. तो मुख्य हिशेबाला न विचारताच प्रत्येक वेळी ‘द्या पैसे’ म्हणत राहिला. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये निघाले, भारतातूनही सुमारे अडीच कोटी गेले. १३ तारखेला आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगच्या खात्यावर वळवले गेले. एकूण ९४ कोटींच्या वर. पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये यातल्या ११ जणांना दोषी धरलं.

आता विचार करा. एटीएमकडं पैसे सुटतायत आणि मुख्य हिशेबाला त्याची विचारणाच येत नाही. पाटाच्या तोंडाला पाणी कमी होतंय, पण आपल्या चारीला येतच नाही, म्हणजे मध्ये कुठंतरी फोडलंय हे शेतकऱ्याला लगेच कळतं, कारण तो दोन्ही टोकं बघतो. संगणकातही दोन्ही टोकं एका स्क्रीनवर असली तर असा फरक डोळ्यात भरतो. वेगळ्या दोन स्क्रीनवर दोन माणसं बसली की ज्याला त्याला आपलं टोक ठीक दिसतं.

दुसरं उदाहरण आपल्या जास्त जवळचं. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या यंत्रणेवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. रॅन्समवेअर म्हणजे फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा प्रोग्रॅम. ही कंपनी सहकारी आणि ग्रामीण बँकांना संगणक सेवा पुरवते. ३१ जुलैला यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने सी-एजला आपल्या जाळ्यातून तोडलं. सुमारे ३०० छोट्या बँकांचे व्यवहार अडले. लोक चिडले, पण माझ्या मते तोडलं ते योग्यच केलं. रोगट झाड उपटलं नाही तर अख्खी बाग जाते. दुसऱ्या दिवशी, तपासणी झाल्यावर, जोडणी पुन्हा सुरू झाली, आणि खुद्द बँकांच्या यंत्रणेला लागण झाली नसल्याचंही सांगण्यात आलं. अशा वेळी कोणती तार तोडायची हे नेटवाल्याला ठाऊक असतं आणि का तोडायची हे राखणवाल्याला. दोघं तेव्हाच एकमेकांचा नंबर शोधत बसले तर वेळ हातची जाते.

पण याच उदाहरणाची दुसरी बाजूही आहे. ३०० बँका एकाच भाड्याच्या हार्वेस्टरवर अवलंबून, तो बंद पडला की सगळ्यांचीच काढणी थांबली. त्याच्या बारा दिवस आधी, १९ जुलैला, क्राऊडस्ट्राईक या राखण करणाऱ्याच कंपनीने क्लाऊडवरून एक सदोष अपडेट पाठवला आणि जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्या देशात विमानतळावर प्रवाशांना हाताने लिहिलेले पास द्यायची वेळ आली. म्हणून सगळं क्लाऊडवर टाकलं की झोप लागली, असं सांगणारा सेल्समन आला तर त्याला चहा पाजा आणि विचारा, तुमचंच केंद्र बंद पडलं तर आमची शाखा कशी चालणार?

हा प्रश्न आता बँकेपुरता राहिलेला नाही. केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये ६३ हजार विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणाला २,५१६ कोटींची मंजुरी दिली. सॉफ्टवेअर सगळ्यांचं एकच आणि क्लाऊडवर, राबवणारी संस्था नाबार्ड. म्हणजे तुमचं माझं पीक कर्ज, सभासद खातं, खताचा हिशेब सगळं त्यावर. खात्याची चोपडी सचिवाच्या कपाटात होती तेव्हा उंदराची भीती होती, आता भीती वेगळी आहे. मी एका सोसायटीत पासवर्ड भिंतीवरच्या कालनिर्णयवर पेनाने लिहिलेला बघितलाय. क्लाऊडवर कितीही पक्का नाका उभा करा, किल्ली अशी टांगलेली असेल तर चोराला नाका लागतच नाही.

वार्षिक सभेत आपण लाभांश आणि चहा-नाश्ता यावर तासभर भांडतो. या वेळी पाच मिनिटं याला द्या. सचिवाला विचारा की प्रत्येक कर्मचाऱ्याचा लॉगिन वेगळा आहे का. बँकेच्या संचालकांना विचारा की नेट आणि सुरक्षा यांची कंत्राटं दोन असतील तर बिघाड झाल्यावर पहिला फोन कोणाला जातो, आणि शाखेची तार तोडण्याचा अधिकार कोणाकडे आहे. बॅकअप घेतो असं उत्तर आलं तर तो परत चढवून कधी बघितला तेही विचारा. उत्तर ‘ते कंपनीवाले बघतात’ असं आलं तर इतिवृत्तात तसंच लिहून घ्यायला लावा.

तोवर आपलं आपण एवढं करावं. सगळा पैसा एकाच बँकेत आणि एकाच ॲपवर ठेवू नये, मजुरीपुरती रोख घरात असावी. यूपीआयवर खात्यातून पैसे कापले पण समोरच्याच्या खात्यात गेले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे ते दुसऱ्या दिवसापर्यंत, आणि दुकानदाराला केलेल्या पेमेंटमध्ये पाच दिवसांत परत यायला पाहिजेत. त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि बँकेत लेखी अर्ज द्या. फसवणूक झाली असेल तर मात्र बँक उघडायची वाट बघू नका, लगेच १९३० या नंबरला फोन लावा.